इम्प्लांट ओला का व्हायला हवा?

पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवतात तो इम्प्लांट म्हणजे बहुतेकदा टायटॅनियमचा छोटा स्क्रू. स्वीडनचे ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाला असे स्क्रू बसवले. हाड या धातूला घट्ट धरतं, हे त्यांना आधी सशांवरच्या प्रयोगात दिसलं होतं.

पण स्क्रू पडून राहिला की हवेतले कार्बनी अंश त्यावर बसतात आणि तो ओशट होतो. आपल्याला डोळ्यांनी काहीच दिसत नाही. पाण्याचा थेंब मात्र पसरत नाही, अळूच्या पानावरच्यासारखा उभा राहतो. रक्ताचंही तसंच. रक्तातली प्रथिनं आधी धातूवर बसतात, हाडाच्या पेशी मागून येऊन त्यांना धरतात. म्हणून पहिला ओलावा महत्त्वाचा.

हा ओशटपणा प्लाझ्मा नावाच्या वायूने काढतात, पण त्याआधी स्क्रू नीट धुऊन घ्यायचा. इथेच घाई होते. प्लाझ्मा अगदी पातळ ओशटपणा काढतो. यंत्रावरचं तेल किंवा धुळीचे कण त्याच्याने निघत नाहीत.

मग स्क्रू बंद पेटीत ठेवून पंपाने हवा काढतात आणि थोडा ऑक्सिजन किंवा आर्गॉन सोडतात.

आता विजेचं क्षेत्र लावतात. वायूतले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि पेटी उजळते. हाच प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू. इलेक्ट्रॉन अतिशय तापलेले असले तरी बाकीचा वायू फारसा तापत नाही, त्यामुळे प्लास्टिकचे इम्प्लांटही यात चालतात. ऑक्सिजन असेल तर कार्बनी थर जळून वायुरूपाने निघून जातो आणि पाण्याला ओढणारे अणूंचे गट पृष्ठभागावर उरतात.

जास्त वेळ ठेवलं तर जास्त चांगलं, असं आपल्याला वाटेल. धातूला ते बहुधा सोसतं. प्लास्टिकचा वरचा थर मात्र तुटतो आणि सुटा, कमकुवत होतो.

काम साधलं का, हे सोबत ठेवलेल्या टायटॅनियमच्या चकतीवर थेंब टाकून पाहावं. रुग्णाच्या स्क्रूवर कधीच नाही. थेंब सपाट पसरला तर ठीक. मात्र थेंबावरून निर्जंतुकपणा कळत नाही. त्याची खात्री वेगळी करावी लागते.

यानंतरही काम बिघडू शकतं. हातमोज्याचा स्पर्श झाला किंवा स्क्रू उघडा राहिला, की तोच ओशटपणा परत चढू लागतो. प्लास्टिकमध्ये तर रेणूंच्या साखळ्याच वळून पाण्याला ओढणारे ते गट आत दडवतात. म्हणून काही दवाखान्यांत छोटं यंत्र खुर्चीशेजारीच असतं: जबड्यात जागा तयार झाली की स्क्रूवर प्लाझ्मा देतात आणि लगेच बसवतात.