कान शाबूत, तरी शब्द निसटतात

पिंपरी, प्रतिनिधी – कानाची तपासणी केली तर ऐकू येण्यात काहीच दोष निघत नाही. तरीही बाईंनी एका दमात दिलेल्या तीन सूचनांपैकी एखादीच मुलाच्या पदरात पडते. वाचताना ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल होते, जोडाक्षर आले की वाचन अडखळते. प्रगतिपुस्तकावर मात्र ‘लक्ष देत नाही’ हा शेरा वर्षानुवर्षे कायम राहतो. अध्ययन अक्षमता असलेल्या अशा काही मुलांची खरी अडचण गोंगाटातून शब्दांचे ध्वनी वेगळे काढण्याची असते. ती दूर करू शकणारी साधने उपलब्ध आहेत. पण त्यांची माहिती पालकांपर्यंत क्वचितच पोहोचते.

शिक्षकांपासूनचे अंतर दुप्पट झाले की त्यांचा आवाज मोकळ्या जागेत सुमारे ६ डेसिबलने क्षीण होतो. मुलांना बोलणे स्पष्ट कळण्यासाठी तो आवाज गोंगाटापेक्षा निदान १५ डेसिबलने वरचढ असावा, असे श्रवणतज्ज्ञ मानतात. जागतिक आरोग्य संघटनेने वर्गातील गोंगाटाची मर्यादा ३५ डेसिबल सुचवली आहे. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शांतता क्षेत्रात दिवसा ५० डेसिबल, तर औद्योगिक क्षेत्रात ७५ डेसिबलपर्यंत आवाज चालतो. पुणे-मुंबई रस्त्यालगतच्या पिंपरी-चिंचवडमध्ये किंवा नाशिक महामार्गावरील भोसरी, मोशी, चाकण परिसरात शाळेच्या खिडकीबाहेरून अवजड वाहने सतत जात असतात. त्यात घरघरणारे पंखे आणि आवाज घुमवणाऱ्या उघड्या भिंती. मागच्या बाकापर्यंत काय पोहोचत असेल, याची कल्पना करता येते.

यावरचा उपाय म्हणजे ‘एफएम’ पद्धतीचे श्रवणसाह्य. शिक्षकांच्या गळ्याशी छोटा मायक्रोफोन आणि मुलाच्या कानात हलका ग्राहक. मधला प्रवास रेडिओ लहरींचा. नवी यंत्रणा डिजिटल आहे, तत्त्व तेच. साधे श्रवणयंत्र आसपासचे सगळेच आवाज मोठे करते. इथे मात्र शिक्षकांचा आवाज ओठांजवळ टिपून थेट कानात सोडला जातो, त्यामुळे मधल्या गोंगाटाला वावच उरत नाही. शेवटच्या बाकावरील मूल जणू शिक्षकांच्या शेजारी बसते.

अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डिस्लेक्सिया असलेल्या मुलांनी ही साधने वर्षभर वर्गात वापरली. त्यांचे वाचन आणि शब्दांतील ध्वनी ओळखण्याची क्षमता सुधारली. आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसादही अधिक स्थिर झाला. साधन कानात नसतानाही हा फरक दिसला, हे विशेष. अभ्यासातील मुले मोजकीच होती, हे ध्यानात ठेवलेले बरे.

मायक्रोफोन आणि वर्गात एक-दोन ध्वनिक्षेपक असा पर्यायही आहे. त्याचा लाभ सगळ्या वर्गाला होतो. पण खोलीत आवाज आधीच घुमत असेल तर तो आणखी घुमतो. म्हणून जाड पडदे, बाकांच्या पायांना रबरी बुच, पंख्यांची दुरुस्ती आणि अशा मुलाला पुढच्या रांगेत जागा हे बिनखर्चाचे किंवा अल्प खर्चाचे उपाय आधी करणे शहाणपणाचे.

चाकण-भोसरी पट्ट्यात आणखी एक गुंता आहे. कारखान्यांतील कामगारांची अनेक मुले घरी हिंदी, कन्नड वा तेलुगू बोलतात आणि शाळेत मराठी ऐकतात. परक्या भाषेतील बोलणे गोंगाटात अधिकच निसटते. अशा मुलावर अध्ययन अक्षमतेचा शिक्का मारणे जितके चूक, तितकेच खऱ्या अक्षमतेकडे ‘भाषा नवी आहे’ म्हणून दुर्लक्ष करणेही. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत डिस्लेक्सियाची चाचणी तयार केली, ती याच कारणाने महत्त्वाची.

ऐकण्याबरोबर व्यक्त होण्याचाही प्रश्न असतो. धड्याचा मजकूर मराठीत वाचून दाखवण्याची सोय आता साध्या मोबाइलवर आहे. ज्या मुलांना बोलणेच जमत नाही, त्यांच्यासाठी मुंबई आयआयटीच्या संकल्पन केंद्राने ‘जेलो’ हे चित्रांवर बोट ठेवून बोलते होण्याचे विनामूल्य अ‍ॅप विकसित केले. ते मराठीतही आहे.

‘तारे जमीं पर’ २००७ मध्ये आला, तेव्हा या विषयाची घरोघरी चर्चा झाली. महाराष्ट्राने त्यापूर्वीच, १९९६ पासून, या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास प्रारंभ केला होता. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांनी लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ देय ठरवला. परंतु हा सारा विचार परीक्षेच्या तीन तासांपुरता. वर्गातल्या दहा वर्षांचे काय, हा प्रश्न तसाच राहतो.

वास्तविक २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्याचे उत्तर आहे. या कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला दिव्यांगत्व मानले आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना वयाच्या १८ वर्षांपर्यंत योग्य साहाय्यक साधने विनामूल्य देण्याची जबाबदारी शासन व स्थानिक संस्थांवर टाकली. पालक प्रमाणपत्र घेऊन जातात ते बहुधा दहावीच्या सवलतीसाठी. त्याच प्रमाणपत्राच्या आधारे साधनाची लेखी मागणी तिसरी-चौथीतच करता येते.