मालकी नसलेल्यांची गोदी

पुणेकराला ‘वाडिया’ म्हटले की कॉलेज आठवते. मुंबईकराला परळचे लहान मुलांचे इस्पितळ, नाही तर बॉम्बे डाइंगची चादर. या आडनावाचा अर्थ वर्गात विचारला, तर एखादाच गुजराती विद्यार्थी बिचकत हात वर करतो. वाडिया म्हणजे जहाजे बांधणारा सुतार. मराठीचा अध्यापक असल्यामुळे शब्दांच्या मागे लागण्याची मला खोड आहे. या शब्दाच्या मागे लागलो आणि थेट सुरतेच्या धक्क्यावर जाऊन पोहोचलो.

त्या वेळी, म्हणजे अठराव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात, ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे सुरतेला बांधली जात. मुंबईत बंदर उत्तम, पण हाताला कारागीर नाहीत. सुरतेला ‘क्वीन’ नावाचे जहाज चालू असता कंपनीच्या एका अधिकाऱ्याची नजर तिथल्या तरुण मुकादमावर गेली. त्याचे नाव लवजी नसरवानजी. मुंबईला चल, असा त्याला आग्रह झाला. लवजींनी सांगितले की, हाती घेतलेले जहाज पुरे झाल्याखेरीज आणि धन्याचा निरोप घेतल्याखेरीज मी हलणार नाही. निदान हकीकत अशी सांगतात, आणि पुढचे सारे पाहता ती खोटी वाटत नाही. 1736 च्या सुमारास थोडे सुतार बरोबर घेऊन लवजी मुंबईत उतरले. तेव्हापासून जवळजवळ दीडशे वर्षे मुंबईच्या गोदीचे मुख्य कारागीरपद या एका घराण्यात राहिले.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. गोदी वाडियांची नव्हती. जागा कंपनीची, पैसा कंपनीचा, हुकूमही तिचाच. वाडिया पगारी नोकर होते. घराण्याच्या मालकीची म्हणावी अशी एकच वस्तू त्यांच्यापाशी होती, ती म्हणजे विद्या. आणि तीही कागदावर फारशी उतरलेली नव्हती. बापाने वाकस धरलेली पाहायची आणि मुलाने ती उचलायची, हीच शाळा. लवजींनी आपल्या नातवांना, फ्रामजी आणि जमशेटजी यांना, महिना बारा रुपयांवर साधे सुतार म्हणून कामाला लावले होते. मुख्य कारागिराचे नातू म्हणून कोवळ्या वयात गादीवर बसवले नाही! 1774 साली लवजी वारले, तेव्हा त्यांच्यामागे एक घर आणि वीस हजारांच्या आतली रोकड एवढीच पुंजी निघाली. कंपनीसाठी जन्मभर जहाजे बांधणाऱ्या माणसाची ही कमाई. आपल्याकडचे कित्येक दलाल एवढी रक्कम एका हंगामात मिळवीत असतील.

मुंबईची भरती-ओहोटी जबर. उधाणाला पंधरा-सोळा फुटांचा फरक पडतो. त्याचाच उपयोग करून 1750 साली येथे सुकी गोदी तयार झाली. भरतीला जहाज आत घ्यायचे, ओहोटीला पाणी उतरू द्यायचे, दरवाजे लावायचे आणि उरलेले पाणी उपसून काढायचे. मग जहाजाचे पोट कोरड्या जमिनीवर उघडे पडते आणि सुतार खाली उतरतात.

लाकूड मलबारचे सागवान. इंग्लंडच्या ओकमध्ये असा आंबट रस असतो की लोखंडी खिळे गंजतात. सागवानाच्या तेलाने उलट खिळा राखला जातो. तोफेचा गोळा लागला तरी ओकसारख्या जीवघेण्या कपच्या त्याच्या उडत नाहीत. फळीला फळी नुसती टेकवायची नाही. एकीच्या कडेची खाच दुसरीत बसवायची आणि मध्ये कापूस घालायचा. नेपोलियनच्या लढायांत इंग्लंडचे ओक खुंटले, तेव्हा तिथल्या आरमाराने मुंबईकडे पाहिले ते या लाकडासाठी आणि या हातांसाठी.

जमशेटजी बमनजींच्या काळात, म्हणजे 1792 पासून 1821 पर्यंत, गोदी बहरात होती. 1810 साली त्यांनी 74 तोफांचे ‘मिंडेन’ पाण्यात सोडले. अमेरिकेचे राष्ट्रगीत याच जहाजावर लिहिले गेले, असे पुष्कळदा छापून येते. ते खरे नव्हे. कवी त्या रात्री तहाच्या बोलणीसाठी आलेल्या अमेरिकन गलबतावर होता. आपल्या माणसांच्या खऱ्या कर्तबगारीला असली उसनी झालर कशाला हवी? 1813 चे ‘कॉर्नवालिस’ मात्र खरोखरच इतिहासात गेले: 29 ऑगस्ट 1842 रोजी नानकिंगचा तह त्याच्यावर झाला आणि हाँगकाँग इंग्रजांकडे गेले. अफूच्या लढाईचा तो तह. आमच्या सुतारांनी घडवलेली फळी आणि तिच्यावर कोणाच्या सह्या! अभिमान वाटावा की मान खाली घालावी, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

जमशेटजींविषयी एक आख्यायिका आहे. 1800 साली बांधलेल्या एका जहाजाच्या पोटात, तळाच्या तुळईवर त्यांनी गुपचूप कोरून ठेवले होते की, हे जहाज एका हलकट काळ्या माणसाने बांधले आहे. साहेबांच्या तोंडची शिवी उचलून त्यांनी ती सहीसारखी वापरली. पुढे जहाज दुरुस्तीला आले आणि ती अक्षरे उघडी पडली, असे म्हणतात.

यानंतर आगबोटी आल्या. जुन्या कारागिरांना नवे यंत्र झेपले नाही, असे म्हणून आपण मोकळे होतो. या घराण्याच्या बाबतीत ते अन्यायाचे आहे. जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे वाडियांचे दोन तरुण 1838 साली नवी विद्या शिकायला विलायतेस गेले. तिथल्या मुक्कामावर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक 1841 साली लंडनला निघाले. त्यांचा भाऊबंद अर्देशीर करसेटजी याने तर आपल्या माझगावच्या बंगल्यात 1834 साली गॅसचे दिवे लावून दाखवले होते. 1841 साली तो लंडनच्या रॉयल सोसायटीचा फेलो झाला. हा मान मिळवणारा पहिला हिंदी माणूस. मुंबईत परतल्यावर त्याच्या हाताखाली युरोपियन कारागीर होते, आणि ते पुष्कळांना खुपले. 1969 साली भारत सरकारने त्याच्या नावे टपाल तिकीट काढले.

म्हणजे शिकायची तयारी होती, बुद्धीही होती. हातात नव्हती ती गोदी. मुंबईत कोणते जहाज बांधायचे, आणि मुळात बांधायचे की नाही, हे लंडनमध्ये ठरे. आणि लंडनचे जहाजबांधणीवाले हिंदुस्थानी जहाजांविरुद्ध 1813-14 पासूनच ओरड करीत होते. लोखंडी जहाजांचा काळ आला तसे नवे काम विलायतेकडे गेले आणि मुंबईकडे दुरुस्ती उरली. 1880 च्या दशकात घराण्यातला शेवटचा मुख्य कारागीर निवृत्त झाला. तोवर दुसऱ्या एका वाडियाने, नवरोजींनी, 1879 साली बॉम्बे डाइंग काढली होती. ती मात्र स्वतःच्या मालकीची.

जमशेटजींच्या हातचे एक जहाज अजून तरंगते आहे. ‘त्रिंकोमाली’ त्याचे नाव. त्याचे नकाशे घेऊन निघालेले जहाज 1812 साली अमेरिकनांनी बुडवले, म्हणून नकाशे पुन्हा मागवावे लागले. मग 1816 साली तळाचा कणा बसला आणि पारशी रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकला गेला. 12 ऑक्टोबर 1817 रोजी ते मुंबईच्या पाण्यात उतरले. 1897 साली ते मोडीत निघायचे, पण एका हौशी गृहस्थाने विकत घेतले. पुढे कित्येक वर्षे मुले त्यावर नाविकविद्या शिकली. 1987 पासून इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात त्याची डागडुजी चालली, ती 2001 साली पुरी झाली. तिकीट काढून लोक ते पाहायला जातात. त्याच्या सांगाड्यात मलबारचे मूळ सागवान अजून आहे.