त्रिपुरीच्या मंडपातला पॅलेस्टाइन

जबलपूरचा कमानिया गेट त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून उभा राहिला. मार्च 1939 च्या त्या अधिवेशनाचा विषय निघाला की ठरलेले किस्से ऐकू येतात. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सुभाषबाबूंनी पट्टाभींना 1580 विरुद्ध 1377 मतांनी हरवलं तो किस्सा, आणि 52 हत्तींची मिरवणूक निघाली पण अध्यक्ष तापाने फणफणलेले म्हणून रथात त्यांची तसबीर ठेवली तो किस्सा. त्याच अधिवेशनात पॅलेस्टाइनवर ठराव झाला, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

आतली परिस्थिती बिकट होती. सुभाषबाबूंना स्ट्रेचरवरून आणावं लागत होतं. गांधीजी राजकोटला होते, म्हणून खुल्या अधिवेशनाची सूत्रं मौलाना आझादांकडे आली. कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमा, असं अध्यक्षांना सांगणारा पंत ठराव त्यांचं आजारपण पाहता महासमितीकडे सोपवावा, असं यवतमाळच्या बापूजी अण्यांनी सुचवलं मात्र, मंडपात असा गदारोळ उठला की नेहरूंनाही कुणी बोलू देईना. आणि या अधिवेशनाला पाहुणे कोण, तर इजिप्तच्या वफ्द पक्षाचं शिष्टमंडळ! आदल्याच वर्षी नेहरू त्यांचे नेते नहास पाशांना भेटून आले होते.

घरात एवढी भाऊबंदकी पेटलेली असताना दूरच्या पॅलेस्टाइनसाठी वेळ काढला गेला, याचं मला फार मोल वाटतं. तिकडे अरबांचा 1936 पासूनचा उठाव इंग्रज चिरडत होते, तर जर्मनीत ज्यूंची प्रार्थनामंदिरं जाळली गेल्याला जेमतेम चार महिने झाले होते. ठरावाने अरबांच्या स्वातंत्र्याला पाठिंबा दिला, आणि त्या स्वतंत्र लोकशाही राज्यात ज्यूंचे हक्क सुरक्षित राहावेत, हेही त्यातच नोंदवलं.

पुढे 1947 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीत भारताने इराण आणि युगोस्लाव्हियासह संघराज्याची योजना मांडली, तीही याच विचाराची. 29 नोव्हेंबरला भारताने पॅलेस्टाइनच्या फाळणीविरुद्ध मत दिलं, तेव्हा सावरकरांनी जाहीर नाराजी व्यक्त करून ज्यू राष्ट्राचं स्वागत केलं. म्हणजे अरब की ज्यू, हा मराठी घरांतला वाद आजचा नाही.

आज दोन्ही बाजूंचे लोक जुने दाखले एकमेकांच्या तोंडावर फेकतात. त्रिपुरीचा दाखला द्यायचा असेल तर कृपा करून पुरता द्या. अरबांचं स्वातंत्र्य आणि ज्यूंची सुरक्षितता, यांतलं एक गाळून तो ठराव सांगणं खोटेपणाचं आहे.