गळलेले पद

5, ?, 20 या भूमिती श्रेढीतील गळलेले पद कोणते? वर्गात प्रश्न विचारताच '10' असे उत्तर येते. ते बरोबर आहे, पण अपुरे आहे. पहिल्या पदाला सामाईक गुणोत्तराने दोनदा गुणले की तिसरे पद मिळते. म्हणजे गुणोत्तराचा वर्ग 20 ÷ 5 = 4; गुणोत्तर 2 किंवा −2; आणि मधले पद 10 किंवा −10. दोन पदे गळली असतील, जसे 2, ?, ?, 54, तर तीनदा गुणावे लागते. गुणोत्तराचा घन 27, म्हणून गुणोत्तर 3 आणि गळलेली पदे 6 व 18.

आता हीच रीत खऱ्या आकड्यांना लावून पाहू. मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंड यांच्या मध्ये नाहूर स्थानक आहे. ते ज्या मुंबई उपनगर जिल्ह्यात येते, त्याची लोकसंख्या जनगणनेनुसार 1991 मध्ये 67.51 लाख आणि 2011 मध्ये 93.57 लाख होती. समजा, मधला 2001 चा आकडा हरवला आहे. लोकसंख्या ऋण नसते, म्हणून धन मूळच घेऊ. √(67.51 × 93.57) म्हणजे सुमारे 79.5 लाख. प्रत्यक्षात 2001 च्या गणनेत 86.40 लाख लोक मोजले गेले. जवळजवळ सात लाख माणसे आपल्या हिशेबातून निसटली!

गुणाकार चुकला नाही, गृहीतक चुकले. पहिल्या दशकाचे गुणोत्तर 1.28, तर दुसऱ्याचे 1.08. शहराची वाढ जन्ममृत्यूंइतकीच स्थलांतरावरही अवलंबून असते, आणि स्थलांतराचा वेग दर दशकात तोच राहत नाही. गुणोत्तर सामाईक नव्हतेच.

हे केवळ कल्पनेतले उदाहरण नाही. 2021 ची जनगणना त्या वर्षी झाली नाही, त्यामुळे या मालिकेतले एक पद खरोखरच गळले. ते 1.08 ने काढले तर सुमारे 101 लाख येते, 1.28 ने काढले तर 120 लाख. पाणी, शाळा आणि शिधा यांची गरज ठरवताना 19 लाखांचा फरक लहान नव्हे.

कोणत्याही दोन धन संख्यांमधून गुणोत्तर काढता येते; ते सामाईक आहे की नाही, हे तिसरी संख्याच सांगते. ती संख्या मिळवण्यासाठी घरोघर जाणाऱ्या प्रगणकांत बरेचजण शिक्षकच असतात. म्हणून हे उदाहरण वर्गात सोडवून घेताना आधी एक प्रश्न जरूर विचारावा: ही श्रेढी भूमितीच आहे, हे आपल्याला कशावरून कळले?