न खाजणारा चट्टा

पोळ्या लाटताना माझ्या धाकट्या जावेच्या दंडावर तो मला प्रथम दिसला. रुपयाएवढा, आजूबाजूच्या कातडीपेक्षा थोडा फिकट. "हे गं काय?" म्हटलं, तर तिनं बाही खाली ओढली. "काही नाही ताई. खाजत नाही, दुखत नाही. मलम लावतेय."

मलम औषधाच्या दुकानातून, शेजारणीच्या सल्ल्यानं आणलेलं. आठ महिने लावत होती!

मैत्रिणींनो, खाजत नाही आणि दुखत नाही म्हणूनच ती निश्चिंत होती. खरं तर नेमक्या त्याच कारणासाठी तिला दवाखान्यात न्यायला हवं होतं. नायटा खाजवून जीव नकोसा करतो. कोड पांढरंशुभ्र असतं, पण तिथं टोचलेलं कळतं. कुष्ठरोगाचा चट्टा मात्र फिकट किंवा तांबूस असतो, त्यावर स्पर्श नीट कळत नाही, घाम येत नाही, लव झडते. अर्थात प्रत्येक डाग काही कुष्ठरोगाचा नसतो, बहुतेक डाग साधेच निघतात. आणि चट्टा बधिर नाही म्हणजे सुटलो, असंही नाही. काहींना अंगभर पुष्कळ चट्टे उठतात, कानाच्या पाळ्या जाड होतात. तेव्हा निदान आपण किंवा शेजारणीनं करायचं नाही.

तिला घेऊन मी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. केसपेपर काढला. डॉक्टरीणबाईंनी तिला खिडकीपाशी उजेडात बसवलं, कारण असे डाग दिव्यापेक्षा दिवसाच्या उजेडात नीट दिसतात. नर्सबाईंनी पडदा ओढला. "डोळे मिटा. पेनाचं टोक जिथं टेकेल तिथं बोट ठेवा," असं सांगितलं. मनगटावर टेकलं, तिनं बोट ठेवलं. खांद्यावर टेकलं, ठेवलं. मग चट्ट्यावर. ती डोळे मिटून तशीच बसून राहिली.

"करा ना सुरू," ती म्हणाली.

पेन तिच्या दंडावरच होतं. माझ्या पोटात खड्डा पडला.

मग कोपर, मान, गुडघा इथल्या नसा चाचपल्या, बोटांतली ताकद पाहिली. पाठ तपासताना आणखी एक चट्टा सापडला. स्वतःची पाठ कुणाला दिसते? म्हणून म्हणते, संकोच करू नका, पूर्ण अंग दाखवा. बाई डॉक्टर नसतील तर नर्सबाईंना जवळ उभं राहायला सांगा.

चट्टे पाचांपर्यंत असतील आणि जंतूंचं प्रमाण कमी असेल तर साधारणपणे औषध 6 महिने, त्याहून जास्त असतील तर 12 महिने. गोळ्यांची पाकिटं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. महिन्याची मोठी मात्रा नर्सबाईंसमोर घ्यायची, बाकी रोज घरी. पहिल्या मात्रेनंतर लघवी लालसर होते. आमच्या जाऊबाईंना हे आधी सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर रक्त समजून तिनं गोळ्याच टाकून दिल्या असत्या! एका गोळीनं कातडी काळवंडते, ती औषध संपल्यावर काही महिन्यांत हळूहळू उजळते. दिवस गेले असतील, बाळ अंगावर पीत असेल, तरी हे औषध चालतं. फक्त डॉक्टरांना सांगावं. अंगावर पुरळ उठलं किंवा डोळे पिवळे दिसले तर मात्र लगेच दाखवावं. चट्टे एकाएकी लाल होऊन सुजले, नस ठणकू लागली किंवा हातापायातला जोर गेला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, औषध संपून गेलेलं असलं तरी. हातपाय वाकडे होतात ते अशा दिरंगाईनं.

घरी आल्यावर सासूबाईंनी तिचं ताट वेगळं मांडलं. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनाच केंद्रात नेलं, कारण घरातल्या सगळ्यांची तपासणी व्हायचीच होती. डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावलं: हा रोग ताटवाटीतून येत नाही. औषध न घेतलेल्या रोग्याच्या फार दिवसांच्या जवळच्या सहवासात, श्वासावाटे तो येऊ शकतो, आणि तरी बहुतेकांचं शरीर त्याला दाद देत नाही. औषध सुरू झालं की लागण थांबते. सासूबाईंनी तपासून घेतलं, प्रतिबंधक मात्राही घेतली. ताट मात्र पंगतीत यायला पंधरा दिवस लागले.

बाया डाग लपवतात त्याला नुसतं अज्ञान कारण नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं. ते काढलं गेलं 2019 साली! रोग बरा करणारी बहुविध औषधयोजना जागतिक आरोग्य संघटनेनं 1981 मध्येच सुचवली होती. कायद्याला जाग यायला इतकी वर्षं लागली, तर घरातल्या माणसांना थोडा वेळ द्यावा लागतो, पण गोळ्यांना नाही.

तिचे सहा महिने पुरे झाले. चट्टा अजून पुसटसा दिसतो, आणि तिथली जाणीव परत येईलच असं नाही, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलंय. सुदैवानं तिची बोटं शाबूत आहेत. ज्यांची बधिर झाली आहेत त्यांनी गरम भांडं सांडशीशिवाय उचलू नये, रात्री तळहात-तळपाय निरखून पाहावेत, पाण्यात भिजवून तेल लावावं.

आता ती बिनबाह्यांचा ब्लाउज शिवायला टाकणार म्हणते. सासूबाईंचा त्याला विरोध आहे, पण तो चट्ट्यामुळे नाही.