विकणे आहे : कूलर, देवपूर, धुळे

‘कूलर विकणे आहे. दोन उन्हाळे वापरलेला. पंप चालू, ताट्या नव्या. देवपूर, धुळे.’

एवढीच जाहिरात, सोबत दोन फोटो आणि एक किंमत. छापायला पैसा पडला नाही, वाचायलाही पडत नाही. पण ती नीट उलगडून पाहिली तर तिच्यात हवामानशास्त्र आहे, भूगोल आहे आणि नोबेल मिळालेलं अर्थशास्त्रही आहे.

आधी कूलरचंच घ्या. ओल्या ताट्यांमधून कोरडी हवा ओढली की पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता ते त्याच हवेतून घेतं. एक लिटर पाणी सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता पिऊन टाकतं. खानदेशातला मे महिना कडक आणि कोरडा, म्हणून इथे कूलर जीव वाचवतो. जूनमध्ये हवेत दमटपणा आला की तेच यंत्र नुसता ओला वारा फेकतं. रत्नागिरीत तर ते ऐन वैशाखातही फारसं कामाचं नाही. म्हणजे कूलरची किंमत त्याच्या पत्र्यात जितकी आहे, तितकीच बाहेरच्या हवेत आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातही आहे.

पांझरा नदीच्या अलीकडे जुनं धुळं, पलीकडे देवपूर. जयहिंद, एसएसव्हीपीएस अशी कॉलेजं इथलीच, त्यामुळे भाड्याच्या खोल्याही भरपूर. शेवटच्या वर्षाची परीक्षा संपवून पुण्याला निघालेल्या मुलाला जूनमध्ये कूलर म्हणजे ओझं. दोन गल्ल्या पलीकडे ज्यांच्या घरी माळा रिकामा आहे, त्यांना मात्र त्यात पुढचा चैत्र दिसतो. वस्तू हलली आणि दोघंही आधीपेक्षा सुखी झाले. कारखान्यात एक खिळासुद्धा नवा बनला नाही. व्यापाराचं हे मूळ रूप मला अजूनही चमत्कारासारखं वाटतं.

अडचण असते ती या दोघांची गाठ पडण्याची. आठवडे बाजाराने ती वार आणि जागा ठरवून सोडवली होती. वर्तमानपत्रांनी छोट्या जाहिरातींतून सोडवली, पण तिथे प्रत्येक शब्दाला पैसे. म्हणूनच ‘विकणे आहे’, ‘पाहिजेत’, ‘भाड्याने देणे आहे’ अशी काटकसरी भाषा घडली. शेकड्यांत विकायच्या वस्तूसाठी मात्र तोही खर्च डोईजड व्हायचा, आणि असं बरंच सामान माळ्यावर गंजून भंगारात जायचं.

१९९५ साली सॅन फ्रान्सिस्कोत क्रेग न्यूमार्क यांनी गावातल्या कार्यक्रमांची यादी मित्रांना ई-मेलने पाठवायला सुरुवात केली. तिची क्रेग्जलिस्ट झाली, आणि तिथल्या बहुतेक जाहिराती फुकट राहिल्या. ओएलएक्स २००६ मध्ये निघालं, आपल्याकडचं क्विकर २००८ मध्ये, फेसबुक मार्केटप्लेस २०१६ मध्ये. हे फुकट परवडतं, कारण तुमची जाहिरात साठवायला कंपनीला जवळपास काहीच लागत नाही, आणि माल नसलेल्या बाजारात गिऱ्हाईक फिरकत नाही. तुमचा कूलर हाच त्या बाजाराचा माल. कंपनी कमावते ती जाहिरात वर दाखवण्यासाठी पैसे मोजणाऱ्यांकडून आणि व्यावसायिक विक्रेत्यांकडून. रॉबर्ट सीमन्स आणि फेंग झू या अभ्यासकांच्या हिशेबाने २००० ते २००७ या काळात क्रेग्जलिस्टमुळे अमेरिकेतल्या छोट्या जाहिरात देणाऱ्यांचे सुमारे ५०० कोटी डॉलर वाचले. त्याच पैशावर गावोगावच्या वर्तमानपत्रांतल्या बातमीदारांचे पगार निघत होते. ते नुकसान लहान नाही.

आता भूगोल. फोनला अक्षांश-रेखांश कळतात. पण लाखो जाहिरातींतून ‘माझ्या जवळच्या’ जाहिराती क्षणात कशा निघतात? त्याची एक प्रचलित रीत अशी: पृथ्वी उभी अर्धी करा आणि विचारा, पूर्व की पश्चिम? पूर्व. मग आडवी अर्धी करा. उत्तर की दक्षिण? उत्तर. उरलेल्या तुकड्याचे पुन्हा दोन भाग, पुन्हा तोच प्रश्न. अशा फक्त २५ प्रश्नांत अख्खी पृथ्वी आकसून जेमतेम पाच किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकटीवर येते. पंचवीस वेळा हो किंवा नाही, आणि आपण धुळ्यात! जाहिरातीवर या उत्तरांची मोहोर असली की शेजारच्या चौकटी तेवढ्या धुंडाळायच्या. हे अंतर सरळ रेषेतलं असतं. मध्ये पांझरा आहे आणि पुलावरून वळसा आहे, हे त्या रेषेला ठाऊक नसतं.

गाठ पडली, तरी विश्वासाचा प्रश्न उरतोच. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध छापला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. पुढे २००१ मध्ये नोबेल मिळालं ते याच विषयावरच्या कामासाठी. मोटारीतली खोट विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा भीतीपोटी प्रत्येक गाडीला कमीच भाव देतो. मग चांगली गाडी असलेला माणूस बाजारातून उठून जातो आणि मागे खराब मालच उरतो. याच निबंधात त्यांनी भारतीय गृहिणीचा दाखला दिला आहे: तांदळात मुद्दाम मिसळलेले, तांदळासारखेच दिसणारे खडे तिला निवडत बसावं लागतं. आपल्या आज्या सुपात जे करत होत्या, ते जागतिक अर्थशास्त्राच्या गाजलेल्या निबंधात जाऊन बसलं आहे.

खानदेशाला ही निवडपाखड नवी नाही. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तिथे दातांवरून वय, अंगावरचे भोवरे, चाल, सगळं तपासल्याशिवाय कोणी पैसे काढत नाही. कूलरचंही तसंच. समोर उभं राहून पंप लावायला सांगा, टाकीचा तळ गंजलाय का पाहा, मग ‘कितलाले शे?’ विचारा. आणि विकणारे तुम्ही असाल, तर गंजाचा फोटो स्वतःच टाका. खोट लपवली नाही की घेणाऱ्याची भीती कमी होते आणि भावही बरा येतो.

पैशाच्या बाबतीत मात्र कळकळीने सांगतो. वस्तू न पाहताच घ्यायला तयार झालेला, स्वतःला लष्करातला म्हणवणारा आणि ‘पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा’ म्हणणारा माणूस चोर समजा. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठीच लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही. फसलात तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जुना मोबाइल घेताना त्याचा आयएमईआय क्रमांक ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर तपासा. एमएच-१८ ची जुनी दुचाकी घेतलीत तर फॉर्म २९ आणि ३० भरून नावावर करून घ्या.

आणि पैसाच नको असेल तर? जुन्या साड्यांवर स्टीलचं पातेलं देणारी बोहारीण आपण पाहिली आहे. अदलाबदलीची अडचण अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी १८७५ मध्येच मांडली: मला हवं ते तुझ्याकडे आणि तुला हवं ते माझ्याकडे, हा योग क्वचित जुळतो. पण योग दोघांतच जुळायला हवा असं कुठे आहे? माझा कूलर तुला, तुझी सायकल तिसऱ्याला, त्याचं टेबल मला. अशी वर्तुळं शोधण्याची पद्धत लॉइड शॅप्ली आणि हर्बर्ट स्कार्फ यांनी १९७४ मध्ये घरांचं उदाहरण घेऊन मांडली. तीस वर्षांनी अल्विन रॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच गणित मूत्रपिंडांना लावलं. पत्नी मूत्रपिंड द्यायला तयार आहे, पण ते पतीला जुळत नाही. दुसऱ्या कुटुंबातही तीच अडचण. मग दोन्ही घरं दात्यांची अदलाबदल करतात आणि दोघं रुग्ण वाचतात. भारतात २०११ च्या कायदादुरुस्तीने अशा अदलाबदलीला मान्यता दिली. शॅप्ली आणि रॉथ यांना २०१२ चं नोबेल मिळालं.