रीसेलच्या फ्लॅटला आकडा किती सांगावा?

पुण्यात रीसेलचा फ्लॅट बघून जिना उतरताना एजंट हमखास विचारतो, “मग, किती म्हणू मालकांना?” बहुतेक जण मालकाच्या आकड्यातून पाच-दहा लाख कमी करून काहीतरी सांगून मोकळे होतात. पण मालकाचा आकडा ही त्याची अपेक्षा असते. हिशोब सुरू करायचा तो त्याच इमारतीत प्रत्यक्ष नोंदल्या गेलेल्या व्यवहारांपासून.

हे व्यवहार बघता येतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’मध्ये गाव, वर्ष आणि मिळकतीचा सर्व्हे किंवा सीटीएस क्रमांक टाकला, की इंडेक्स-२ निघतो. त्यात मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, दस्ताची तारीख, मुद्रांक शुल्क असं सगळं असतं. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये दिसलं तर १०.७६ने गुणून चौरस फूट काढा. मात्र ते कारपेट आहे की बिल्टअप, हे आधी वाचा. जुन्या दस्तांत बिल्टअप असतं, जाहिरातीत तर सुपर बिल्टअपही खपवतात. सगळे भाव कारपेटवर आणल्याशिवाय तुलना करण्यात अर्थ नाही.

समजा, कोथरूडमधला ६०० चौरस फूट कारपेटचा फ्लॅट आहे. मालक १ कोटी १० लाख म्हणतो, म्हणजे फुटाला १८,३०० च्या वर. त्याच इमारतीतला तेवढाच एक फ्लॅट दोन वर्षांपूर्वी ९० लाखांना गेला, दुसरा सहा महिन्यांपूर्वी ९६ लाखांना. ताजा व्यवहार जास्त बोलका, म्हणून १६,००० चा दर धरू. झाले ९६ लाख. आता घर नीट बघा. नळाच्या जुन्या लोखंडी पाइपलाइन, वायरिंग, दोन्ही बाथरूम यांचा ठेकेदाराने ५ लाखांचा अंदाज दिला, तर उरतात ९१. ९६ लाखांच्या फ्लॅटला पार्किंग होतं का आणि याला आहे का, हेही विचारा. ‘आमची गाडी इथेच लागते’ हे उत्तर पुरत नाही, सोसायटीचं वाटपपत्र मागा. इमारतीला लिफ्ट नसेल तर तिसऱ्या मजल्याचा भाव पहिल्या मजल्याइतका धरू नका. या फ्लॅटचं पार्किंग पक्कं आहे, लिफ्टही आहे असं मानू. तुमची वरची मर्यादा ९१ लाख. हा आकडा कागदावर लिहा आणि एजंटला सांगू नका.

मग खिसा तपासा. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के (खरेदी फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत), नोंदणी फी जास्तीत जास्त ३० हजार, दलाली १ टक्का धरली, सोसायटीचं हस्तांतर अधिमूल्य फार तर २५ हजार. ९१ लाखांवर हे सगळं मिळून ७ लाख ८० हजारांच्या पुढे जातं. बँक या रकमेच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ७२ लाख ८० हजार देऊ शकते, तेही तिच्या मूल्यांकनात घर तेवढं भरलं तर. बाकीचे १८ लाख २० हजार, वरचा खर्च आणि दुरुस्ती धरून साधारण ३१ लाख तुमच्याकडे हवेत. नसतील तर मर्यादा खाली आणा. भाव योग्य असला तरी.

रेडी रेकनरचा दरही बघून ठेवा. मुद्रांक शुल्क व्यवहाराची रक्कम आणि या दराने निघणारं सरकारी मूल्य यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. सरकारी मूल्य व्यवहारापेक्षा १० टक्क्यांहून जास्त निघालं, तर तो सगळा फरक तुमचं उत्पन्न धरून त्यावर आयकर बसतो. रेकनर म्हणजे बाजारभाव मात्र नव्हे. कुठे तो बाजाराच्या खाली असतो, कुठे वर.

पहिला आकडा मर्यादेच्या थोडा खाली सांगा. इथे ८५ चालेल. ७० सांगितलंत तर मालक फोन उचलणं बंद करील. आकड्याबरोबर इंडेक्स-२ची प्रत आणि ठेकेदाराचा अंदाज पुढे ठेवा. घासाघीस त्यावर होऊ द्या. ‘आणखी एक पार्टी आहे, उद्या टोकन देतेय’ असं ऐकू येईलच. ते खरंही असू शकतं. तरी ९१ वर जाऊ नका.

जमलं, तर विसारपावतीत अटी लिहून घ्या: भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचा ना हरकत दाखला, मालकाच्या कर्जाची परतफेड, आणि टायटलमध्ये खोट निघाली किंवा तुमचं कर्ज नामंजूर झालं तर विसार परत. व्यवहार ५० लाख किंवा अधिकचा असल्यामुळे १ टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी तुमची आहे. विसार चेकनेच द्या. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याने मनाई आहे, आणि रोखीने दिलेला पैसा बँकेच्या हिशोबातही धरला जात नाही.